उंबरठ्याबाहेरचा पाहुणा : रक्तपिपासू पिशाचकथांचे न ओसरणारे आकर्षण

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकाजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. सालवड हे या वसाहतीला खेटून असलेले गाव. येथे रात्र कधी पुरती काळी होत नाही. कारखान्यांचे दिवे, तिसऱ्या पाळीच्या कामगारांची वर्दळ आणि वाहनांचे आवाज यामुळे भुताखेतांनी काढता पाय घ्यावा, असेच वातावरण असते. थोड्याच अंतरावर समुद्रकाठी उभे असलेले तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते देशातील पहिले अणुवीज केंद्र होते. या परिसराला खऱ्या भयाची ओळख आहे. रासायनिक कारखान्यांतील स्फोटांच्या आवाजाने घरे हादरण्याचे प्रसंग येथे आलेले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये औद्योगिक पट्ट्यांचे मूल्यमापन केले, त्यात देशातील सर्वाधिक प्रदूषित पट्टा म्हणून तारापूरचे नाव आले.

मग प्रश्न असा की, ज्यांच्या आयुष्यात खऱ्या भयाला तोटा नाही, त्यांनी कल्पित भयाच्या नादी का लागावे? तरीही माणसे भयकथा वाचतात. त्यातही रक्तपिपासू पिशाचाची, म्हणजे 'व्हॅम्पायर'ची कथा दोनशे वर्षे टिकून आहे. भुतांचे कित्येक प्रकार विस्मृतीत गेले, पण थडग्यातून उठून जिवंतांच्या रक्तावर जगणारा हा उमराव काही केल्या मरत नाही. त्याच्या या चिरंजीवित्वाचे रहस्य काय? त्याचे उत्तर शोधायचे, तर प्रथम युरोपातील खेड्यांत आणि नंतर थेट पालघर-डहाणूच्या मातीत यावे लागते.

थडग्यातून दिवाणखान्यात

रक्तपिपासू पिशाच ही मुळात कथा नव्हती, ती श्रद्धा होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्बियाचा काही भाग ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजवटीखाली होता. तेथील किसिलोवा गावात १७२५ मध्ये आणि मेडवेडा गावात १७३१-३२ मध्ये लागोपाठ मृत्यू झाले. मेलेली माणसेच रात्री येऊन आपल्याला मारत आहेत, असे गावकऱ्यांना वाटू लागले. थडगी उकरण्यात आली. काही प्रेते कुजलेली नव्हती, काहींच्या तोंडाशी रक्त दिसले. गावकऱ्यांनी प्रेतांच्या छातीत सुळे ठोकले, ती जाळली. लष्करी शल्यवैद्यांनी या प्रकाराचा लेखी अहवाल १७३२ मध्ये दिला आणि तो युरोपभर गाजला. 'व्हॅम्पायर' हा शब्द पश्चिम युरोपातील वृत्तपत्रांत त्याच काळात रुजला.

यामागील कारणे आज ठाऊक आहेत. थंड आणि हवाबंद जमिनीत प्रेत लवकर कुजत नाही. शरीरात वायू साठून ते फुगते आणि त्या दाबाने लालसर द्रव तोंडावाटे बाहेर पडतो. कातडी मागे सरकल्यामुळे नखे व दात वाढल्यासारखे दिसतात. राहिला प्रश्न एकाच घरातील लागोपाठ मृत्यूंचा. जंतूंचा शोध लागलेला नसताना संसर्गाचे दुसरे स्पष्टीकरण तरी कोणते असणार? घरात पहिला जो गेला, तोच बाकीच्यांना ओढून नेतो, एवढेच त्या माणसांना दिसत होते.

या भ्रमाची किंमत किती, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. ऱ्होड आयलंड राज्यातील एक्झिटर गावात मर्सी ब्राऊन ही १९ वर्षांची मुलगी जानेवारी १८९२ मध्ये क्षयाने दगावली. तिची आई आणि बहीण त्याच रोगाने आधी गेल्या होत्या आणि भाऊ एडविन अंथरुणावर होता. मार्च महिन्यात तिचे प्रेत उकरण्यात आले. ऐन हिवाळ्यात मेलेल्या मुलीचे प्रेत ताजे दिसले, यात नवल नव्हते. पण तिचे हृदय जाळून त्याची राख पाण्यातून त्या आजारी भावाला पाजण्यात आली. दोन महिन्यांच्या आत तोही गेला.

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने त्याआधी बरीच वर्षे एक शहाणपणाचे पाऊल उचलले होते. मोराव्हियात एका स्त्रीचे प्रेत उकरून जाळल्याची बातमी आली, तेव्हा तिने आपले राजवैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांना चौकशीस लावले. हा सारा अज्ञानाचा खेळ आहे, असे त्यांनी कळवले. त्यावर १७५५ मध्ये सम्राज्ञीने थडगी उकरण्यावर बंदी घातली. कायद्याने पिशाचाला स्मशानातून बाहेर काढले आणि त्यानंतर ते साहित्यात शिरले.

साहित्यात ते शिरले तेही नव्या कपड्यांत. इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ मध्ये उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच उगवला नाही. पावसाने कोंडून घातलेली काही मंडळी जिनिव्हा सरोवराकाठी एका बंगल्यात भुतांच्या गोष्टी रचत बसली. कवी बायरन, शेली, मेरी आणि बायरनचे डॉक्टर जॉन पोलिडोरी हे त्यांतले. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ मध्ये आली आणि पोलिडोरीची 'द व्हॅम्पायर' ही कथा १८१९ मध्ये. खेड्यातील फुगलेल्या प्रेताचा पोलिडोरीने लंडनच्या मेजवान्यांत वावरणारा फिकट, देखणा, सभ्य 'लॉर्ड' केला. शेरिडन ल फानू यांच्या 'कार्मिला'त (१८७२) हे पिशाच एका तरुणीच्या रूपाने घरात पाहुणी म्हणून राहते. पिशाच परके राहिले नाही, ते पंगतीत येऊन बसले. त्याच्या आकर्षणाचा पाया येथे घातला गेला.

कारकुनाची कादंबरी

या परंपरेचा कळस म्हणजे ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला'. ती मे १८९७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. स्टोकर (१८४७-१९१२) हे मूळचे डब्लिनचे. तरुणपणी ते तेथील सरकारी कचेरीत कारकून होते. आयर्लंडमधील कनिष्ठ न्यायालयांतील कारकुनांची कर्तव्ये सांगणारे एक रूक्ष पुस्तकही त्यांनी लिहिले होते. पुढे विख्यात नट हेन्री आयर्विंग यांच्या लायसियम नाट्यगृहाचे ते व्यवस्थापक झाले. ट्रान्सिल्व्हेनियात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. तेथील समजुतींची माहिती त्यांनी एमिली जेरार्ड यांच्या लेखातून घेतली आणि 'ड्रॅक्युला' हे नाव व्हिटबी गावच्या ग्रंथालयातील एका इतिहासाच्या पुस्तकातून. मर्सी ब्राऊनच्या प्रकरणाचे वृत्तपत्रीय कात्रणही त्यांच्या टिपणांत सापडले आहे.

ही कादंबरी आज वाचताना आश्चर्य वाटते ते तिच्या कागदोपत्री स्वरूपाचे. रोजनिशी, पत्रे, तारा, वृत्तपत्रातील बातमी, जहाजाची नोंदवही, ध्वनिमुद्रित टिपणे यांचा हा जणू एक खटल्याचा जुडगा आहे. नायक जोनाथन हार्कर ड्रॅक्युलाच्या गढीत जातो तो जमिनीच्या व्यवहारासाठी! सरदाराला लंडनजवळ जागा विकत घ्यायची आहे आणि त्याची कागदपत्रे चोख आहेत. रेल्वेचे वेळापत्रक तो वाचत बसतो. पन्नास पेट्या भरून स्वतःच्या भूमीची माती तो जहाजाने इंग्लंडला नेतो, कारण त्या मातीखेरीज त्याला विसावा नाही. अशी व्यवहारी भाषा पानोपानी येत असल्यामुळे, जेव्हा तो सरदार पालीसारखा गढीच्या भिंतीवरून उलटा सरपटत उतरतो, तेव्हा वाचकाच्या अंगावर काटा येतो.

या ग्रंथाविषयी काही गैरसमजही आहेत. सूर्यप्रकाशाने पिशाचाची राख होते, हे स्टोकरचे नव्हे. त्यांचा ड्रॅक्युला दिवसाही फिरतो, फक्त त्याच्या शक्ती क्षीण होतात. उन्हात विरून जाणारे पिशाच आले ते १९२२ च्या 'नॉस्फेरातू' या जर्मन मूकपटातून. स्टोकर यांच्या पत्नीने हक्कभंगाचा दावा लावून या चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला होता. तरी काही प्रती वाचल्या आणि चित्रपट अजरामर झाला. ड्रॅक्युलाचा अंतही लाकडी सुळ्याने होत नाही. हार्कर त्याच्या गळ्यावर चालवतो ती गुरख्यांची कुकरी. लुसी नावाच्या युवतीला वाचवण्यासाठी चार पुरुष एकापाठोपाठ रक्त देतात, पण रक्तगट जुळतात का, हे कोणी पाहत नाही. पाहणार तरी कसे? कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध जाहीर केला तो १९०१ मध्ये. आणि रक्त पिणारी वटवाघळे फक्त मध्य व दक्षिण अमेरिकेत आढळतात. आपल्याकडील वड-पिंपळावर लटकणाऱ्या वटवाघळांवर हा आळ उगाच येतो.

ही कादंबरी लंडनच्या दुकानांत आली तेव्हा मुंबई-पुण्यात प्लेगाने थैमान घातले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात साथ उघड झाली आणि १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. जहाजातून येणारा अदृश्य मृत्यू, ही कल्पना त्या काळी जगभर जिवंत होती. ड्रॅक्युलाचे जहाजही मेलेल्या कप्तानासह बंदराला लागते.

वेताळ आणि व्हॅम्पायर

रक्तपिपासू पिशाच आणि आपला वेताळ यांची गाठ घालून दिली ती रिचर्ड बर्टन यांनी. हे इंग्रज अधिकारी १८४२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले होते. अनेक भारतीय भाषांच्या परीक्षा त्यांनी दिल्या, त्यांत मराठीही होती. 'वेताळपंचविशी'तील ११ कथा त्यांनी स्वैरपणे इंग्रजीत आणल्या. १८७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाच्या नावातच त्यांनी वेताळाला 'व्हॅम्पायर' करून टाकले. स्टोकर यांची बर्टनशी ओळख होती. बोलताना बर्टनचा सुळा चमकत असे, याची नोंद स्टोकर यांनी आपल्या आठवणींत केली आहे. त्यावरून ड्रॅक्युलाचे सुळे बर्टनचे, असा तर्क काही अभ्यासक करतात. तो तर्कच आहे, पुरावा नव्हे.

वेताळ मात्र रक्तासाठी भटकणारा नाही. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त (अकरावे शतक) तो स्मशानातील झाडाला लटकलेल्या प्रेतात वास करतो, राजाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगतो आणि न्यायाचा प्रश्न विचारतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी मराठी गद्याच्या पहाटेसच 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. पुढे 'चांदोबा' मासिकातून आणि १९८५ च्या दूरदर्शन मालिकेतून विक्रम-वेताळ घरोघरी पोचले. गोव्यात वेताळाची देवळे आहेत, तो गावाचा राखणदार मानला जातो. पुणेकर तर रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातात!

कोकणातील भुतांची जी जंत्री इंग्रजी अमदानीत तयार झाली, तिच्यात ठाणे जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या पालघरच्याही मुलखाचा वाटा आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून लोकसमजुती लिहून मागवल्या होत्या. जॅक्सन यांची १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी हत्या केली. पुढे त्या टिपणांचे संकलन आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ अशी मोठी बिरादरी भेटते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला तो मुंजा, बाळंतपणात गेलेली ती हडळ, वारसाविना गेलेला आणि धनात जीव अडकलेला तो समंध. या सर्वांचे काहीतरी राहून गेलेले असते. म्हणूनच त्यांची शांत करता येते, नारळ-कोंबड्यावर भागते.

व्हॅम्पायरचे तसे नाही. त्याचे काही राहिलेले नाही, उलट सर्व काही आहे. गढी आहे, कुळ आहे, संपत्ती आहे. त्याला हवे आहे ते दुसऱ्याचे आयुष्य, आणि तेही अखंड. दहन करणाऱ्या समाजात थडग्यातून उठणारे प्रेत सहज उपजणारे नव्हते. ते मराठीत आणावे लागले.

धारपांचा वाटा

ते आणले नारायण धारप (१९२५-२००८) यांनी. शंभराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या धारपांनी मराठी भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. त्यांच्या 'समर्थ' कथामालेतील नायक दुष्ट शक्तींशी झुंजतो, तेव्हा स्टोकर यांच्या व्हान हेलसिंग या वृद्ध प्राध्यापकाची आठवण येते. ज्ञान, संयम आणि निर्मळ मन ही दोघांचीही शस्त्रे. स्टीफन किंग यांची 'सालेम्स लॉट' ही १९७५ मधील कादंबरी म्हणजे ड्रॅक्युला अमेरिकेतील लहानशा गावात आला तर काय होईल, याचे उत्तर आहे. तिच्यावरून धारपांनी 'लुचाई' लिहिली आणि रक्तपिपासू पिशाच मराठी मुलखात आणून सोडले. परकी कल्पना घेतली तरी धारप घर आपले ठेवतात. वाडा, माजघर, कंदील, तुळशीवृंदावन, शेजारधर्म हे सगळे ओळखीचे, आणि म्हणूनच त्यात शिरणारे अनोळखी अधिक भेसूर.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांचा मार्ग निराळा. 'गूढकथा' हे नाव मराठीत प्रतिष्ठेने रूढ होण्यात त्यांचा वाटा मोठा. 'खेकडा'सारख्या कथांत पिशाच बाहेरून येत नाही, ते माणसाच्या मनातच दबा धरून असते. अनंत अंतरकरांचे 'नवल' आणि 'धनंजय' यांसारख्या दिवाळी अंकांनी या साहित्याला वाचक मिळवून दिला. समीक्षकांनी भयकथेला ओसरीवरच बसवले, पण ग्रंथालयांतून तिच्या प्रती हातोहात फिरत राहिल्या.

धारपांच्या 'आजी' या कथेचा धागा घेऊन राही अनिल बर्वे यांनी 'तुंबाड' (२०१८) हा चित्रपट केला. त्यातील राक्षसापेक्षा भयंकर आहे ती सोन्याची हाव. बापाने मुलाला वारसा म्हणून देऊ केलेली हाव! पिशाचकथा येथे आपल्या मूळ विषयाला येऊन भिडते.

आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही

व्हॅम्पायरविषयीचा सर्वांत अर्थपूर्ण नियम स्टोकर यांच्या कादंबरीत आहे. घरातल्या कोणीतरी 'या' म्हटल्याखेरीज त्याला प्रथम उंबरठा ओलांडता येत नाही. एकदा बोलावले की मग मात्र तो हवे तेव्हा येतो. बळी जाणाराच दार उघडतो, हे या कथेचे खरे भय आहे. कार्मिलाला घरात ठेवून घेतात ते दयेपोटी. ड्रॅक्युलाला जागा मिळते ती रीतसर खरेदीखताने.

हा नियम कोणाला केवळ कल्पनाविलास वाटत असेल, तर त्याने बोईसरच्या उत्तरेस डहाणू-तलासरीच्या पट्ट्याचा इतिहास पाहावा. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात तो नोंदलेला आहे. या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारली तरुण लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून थोडे पैसे उचलत असे. ते कर्ज कधीच फिटत नसे. तो आणि त्याची नवी नवरी दोघेही सावकाराच्या घरी राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. घरात मंगलकार्य निघाले की दार उघडायचे आणि त्या दाराने जो आत येई तो पिढ्यान्‌पिढ्या जात नसे. ठरवून घेतलेली वेठबिगार ही त्याची दुसरी तऱ्हा. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, किसान सभेच्या झेंड्याखाली, मे १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ बंद करण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह ५ आदिवासी मारले गेले. लढा तरीही थांबला नाही. वेठबिगार निर्मूलनाचा केंद्रीय कायदा पुढे १९७६ मध्ये आला.

मराठीत या साऱ्याला जो शब्द आहे, तो 'शोषण'. शोषण म्हणजे चोखून घेणे. सावकाराला 'जळू' म्हणणे, 'रक्त आटवून' काम करणे, हे वाक्प्रचार रोजचे आहेत. व्हॅम्पायर हा शब्द ठाऊक नसलेल्या समाजालाही त्या कथेचा अर्थ अनुभवाने ठाऊक होता. युरोपातही असेच झाले. खरे रक्तपिपासू शहरांत, भर दिवसा, सट्टेबाज आणि दलालांच्या रूपात हिंडतात, असा टोला व्हॉल्तेअर यांनी अठराव्या शतकातच मारला होता. कार्ल मार्क्स यांनी 'भांडवल' (१८६७) या ग्रंथात कामाच्या तासांचा विचार करताना भांडवलाला व्हॅम्पायरचीच उपमा दिली, जिवंत श्रम शोषून जगणारे मृत श्रम म्हणून.

पिशाचाच्या या कथेला मरण का नाही, ते येथे कळते. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, सभ्य वेषातला, आपणच घरात घेतलेला पाहुणा प्रत्येक पिढीला नव्याने भेटतो. कधी तो सावकार असतो, कधी व्यसन, कधी आपलेच एखादे माणूस. कथा त्याला सुळे देते, म्हणजे तो ओळखू येतो. आणखी महत्त्वाचे म्हणजे कथा त्याला मर्यादा घालून देते. तो उंबरठ्याशी अडतो, आरशात दिसत नाही, माणसे एकत्र आली की हरतो. प्रत्यक्षातील भयाला असे नियम नसतात. सालवडसारख्या गावात राहणाऱ्याला वायुगळती कुठून, केव्हा होईल हे ठाऊक नसते. पुस्तकातले भय मात्र हवे तेव्हा मिटून ठेवता येते.

गोष्ट आणि गुन्हा

पण गोष्ट आणि श्रद्धा यांच्यातील रेषा पुसली गेली, तर काय होते हे मर्सी ब्राऊनच्या प्रकरणाने दाखवले आहे. महाराष्ट्रातही हे संकट इतिहासजमा झालेले नाही. घरात आजार आला, जनावर मेले, की एखाद्या स्त्रीला 'भुताळी', 'चेटकीण' वा 'डाकीण' ठरवून तिच्यावर खापर फोडण्याचे प्रकार राज्याच्या अनेक भागांत घडले आहेत. लक्ष्य ठरते ती बहुधा एकटी, विधवा वा जमिनीचा वाटा असलेली बाई. युरोपातील शेतकरी जे प्रेतांच्या बाबतीत करत होते, ते येथे जिवंत स्त्रीच्या वाट्याला येते.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते झगडले, तो त्यानंतर आधी वटहुकमाने आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाच्या मंजुरीने अस्तित्वात आला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, तिच्यामुळे रोगराई पसरते असे जाहीर करून तिचे जगणे मुश्कील करणे, हा या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा भुताच्या गोष्टी सांगण्यावर बंधन घालत नाही, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. कथा, चित्रपट, नाटक यांना धक्का न लावता तो माणसाचे रक्षण करतो. मारिया थेरेसाने १७५५ मध्ये जे केले, त्याच जातीचे हे काम आहे. पिशाचाला गावातून घालवून पुस्तकात बसवायचे!

पडद्यावरचे पुनरागमन

चित्रपटसृष्टीने या पिशाचाला कधी विश्रांती दिली नाही. बेला लुगोसी (१९३१) आणि ख्रिस्तोफर ली (१९५८) यांनी ड्रॅक्युलाला चेहरा दिला. आपल्याकडे रामसे बंधूंनी 'बंद दरवाजा'त (१९९०) त्याला हिंदी बोलायला लावले. अलीकडे रॉबर्ट एगर्स यांनी 'नॉस्फेरातू' (२०२४) नव्याने केला. रायन कूग्लर यांच्या 'सिनर्स'मध्ये (२०२५) १९३२ च्या मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांच्या दारात पिशाचे उभी राहतात आणि आत येण्यासाठी आमंत्रण मागतात. उंबरठ्याचा नियम तेथेही तोच!

मराठी दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी 'मुंज्या'त (२०२४) कोकणातील पिंपळावरचे भूत देशभर नेले आणि 'थामा'त (२०२५) वेताळालाच रक्तपिपासूंच्या पंक्तीला बसवले. बर्टन यांनी दीडशे वर्षांपूर्वी केलेला शब्दांचा घोटाळा अशा रीतीने पडद्यावर खरा झाला.

काय वाचावे?

या वाटेला नव्याने लागणाऱ्याने आरंभ 'ड्रॅक्युला'नेच करावा. मात्र हार्करच्या रोजनिशीची पहिली चार प्रकरणे एका बैठकीत संपवावीत, कारण त्यांच्या तोडीचे भय पुढेही क्वचितच येते. वेळ थोडा असेल तर 'कार्मिला' ही लहान आणि अधिक तरल. नंतर धारपांची 'लुचाई' घ्यावी आणि जमल्यास 'सालेम्स लॉट'शी ताडून पाहावी. परकी कथा मराठी घरात कशी नांदते, हे त्यातून कळते. पिशाचाने मनात घर केलेले पाहायचे असेल, तर मतकरींच्या 'खेकडा'कडे वळावे. आणि या सर्वांच्या शेजारी 'जेव्हा माणूस जागा होतो' ठेवावे. ती भयकथा नाही. त्यातली गढी, कर्ज आणि माणसे खरी आहेत, एवढाच फरक.

बोईसरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये तास-दीड तास पुस्तक वा मोबाईल उघडून बसणाऱ्या वाचकाला भय विकत घेण्याची गरज नाही, असे वरवर वाटते. पण तो भय विकत घेत नाही. ज्याला नाव नाही, त्याला नाव देणारी गोष्ट तो वाचतो. ड्रॅक्युलाला हरवणारी माणसे काही वीर नव्हती. एक वकील, दोन डॉक्टर, एक उमराव, एक परदेशी पाहुणा आणि सगळ्यांच्या नोंदी टंकलिखित करून जुळवणारी मीना. त्यांनी प्रत्येकाला ठाऊक असलेले एकमेकांना सांगितले, कागद एकत्र ठेवले आणि मग ते त्याच्या मागावर निघाले. झरीच्या सभेत वारल्यांनीही पहिले काम तेच केले होते. जो तो आपापल्या पाड्यावरचे दुःख बोलला आणि सर्वांचे दुःख एकच निघाले.

रक्तपिपासू जगतो तो एकेकट्याच्या मौनावर, आणि माणसे बोलू लागली की त्याची रात्र सरते. ही गोष्ट दोनशे वर्षे पुन्हा पुन्हा सांगितली जाते, ती त्यासाठीच.